'एक्झेम्प्ट' वाक्यात कसा बसवायचा

अर्ज, नियमावल्या, कराची पत्रकं, परीक्षेचे निकाल, नोकरीचे करार या सगळ्यांत 'एक्झेम्प्ट' हा शब्द भेटतो. सूट, माफी, मोकळीक हा त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. घोळ होतो तो वाक्य लिहिताना. 'द फी इज एक्झेम्प्टेड', 'प्लीज एक्झेम्प्ट माय ॲब्सेन्स', 'ही इज एक्झेम्प्ट टू पे' अशी वाक्यं मराठीतून विचार करणाऱ्याच्या हातून सहज उतरतात आणि तिन्ही चुकीची आहेत. तिघांतली चूक वेगवेगळी दिसली तरी मूळ बरंचसं एकच आहे: मराठीतल्या 'माफ'ची बांधणी इंग्रजी शब्दावर चढवली जाते.

मराठीत माफ होतं ते ओझं. फी माफ होते, दंड माफ होतो, कर्ज माफ होतं. इंग्रजीत 'एक्झेम्प्ट' होतो तो ओझं वाहणारा. म्हणजे तो माणूस, ती संस्था, ती वस्तू किंवा ते उत्पन्न, ज्याच्यावर नियम एरवी लागू झाला असता. ओझ्याची जागा 'फ्रॉम'च्या पुढे. 'स्टुडंट्स आर एक्झेम्प्ट फ्रॉम द फी' या वाक्यात सुटले ते विद्यार्थी, आणि ज्यातून सुटले ती फी. ही दोन घरं डोक्यात पक्की केली की निम्म्याहून जास्त चुका आपोआप जातात.

वस्तूही एक्झेम्प्ट असू शकते, फक्त ओझं तिच्यावर पडणारं हवं. 'बुक्स आर एक्झेम्प्ट फ्रॉम टॅक्स' बरोबर आहे, कारण कर पुस्तकांवर लागला असता. 'टॅक्स इज एक्झेम्प्ट ऑन बुक्स' चूक, कारण इथे सूट कराला मिळाली असा अर्थ होतो, आणि कराला कोण कसली सूट देणार?

कधी कधी वाक्याचा भर फीवरच ठेवायचा असतो. कोणाला सूट मिळाली हे सांगायचं नसतं, फी रद्द झाली एवढंच सांगायचं असतं. अशा वेळी 'एक्झेम्प्ट' बाजूला ठेवा आणि 'वेव्ह' घ्या: 'द फी हॅज बीन वेव्ह्ड.' 'वेव्ह' मराठीतल्या 'माफ करणे'सारखाच चालतो. त्याचं कर्म म्हणजे फी, अट, दंड, हक्क. माणूस नव्हे. 'दे वेव्ह्ड हिम' लिहाल तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही. स्पेलिंग लिहिताना मात्र जपून: या शब्दात 'ए'नंतर 'आय' आहे. 'आय' गाळलात तर तो हात हलवण्याचा 'वेव्ह' होतो. उच्चार दोघांचा एकच असल्यामुळे कानाला ही चूक सापडत नाही.

कुठल्या ओझ्याला 'एक्झेम्प्ट' चालतो?

लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, नियम आहे का? दोन, तो नियम या माणसाला किंवा वस्तूला एरवी लागू झाला असता का? तीन, नियमामुळे येणारी गोष्ट नकोशी, निदान बंधनाची आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असली तरच हा शब्द बसतो.

लोक अडतात ते दुसऱ्या प्रश्नावर. फक्त वाहनचालकांसाठी असलेली परवान्याची अट पायी चालणाऱ्याला मुळातच लागू नाही. त्याला 'एक्झेम्प्ट' म्हणणं चूक. तिथे 'द रूल डझ नॉट अप्लाय' असं लिहायचं. आधी सगळ्यांना आत घेऊन मग काहींना बाहेर काढलं असेल तरच सूट. शब्दाची जडणघडणही हेच सांगते. लॅटिन 'एक्झिमेरे' म्हणजे बाहेर काढणे, 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'एमेरे' म्हणजे घेणे. 'एग्झाम्पल'चं मूळही तेच: ढिगातून दाखवायला बाहेर काढलेला नमुना. बाहेर काढायचं म्हटलं की 'कशातून' हे आलंच, आणि म्हणूनच या शब्दाला 'फ्रॉम'च लागतं.

तिसऱ्या प्रश्नावरची चूक जास्त खटकते. बक्षीस, लाभ, निमंत्रण, सुट्टी यांतून कोणी 'एक्झेम्प्ट' होत नाही. हवीशी गोष्ट मिळाली नाही तर माणूस 'एक्सक्लूडेड' होतो. 'टेम्पररी स्टाफ आर एक्झेम्प्ट फ्रॉम द बोनस' हे वाक्य वाचणाऱ्याला थट्टा वाटेल. तिथे 'आर नॉट एलिजिबल फॉर' किंवा 'आर एक्सक्लूडेड फ्रॉम' हवं.

उच्चार, स्पेलिंग, रूपं

उच्चार 'इग्-झेम्प्ट', जोर दुसऱ्या भागावर. हा 'झ' 'माझा'मधला, 'माझी'मधला नव्हे. 'एक्स' अक्षराचा उच्चार इथे 'क्स' न होता 'ग्झ' होतो, कारण जोर त्याच्या पुढच्या स्वरावर आहे. 'एग्झॅम', 'एग्झॅक्ट', 'एग्झिस्ट' यांतही तेच होतं. जोर पहिल्याच स्वरावर असेल तर 'क्स' राहतो, जसा 'एक्सरसाइझ' किंवा 'एक्सलंट'मध्ये. भरभर बोलताना 'प' जवळजवळ गिळला जातो आणि 'इग्झेम्ट' ऐकू येतं. बोलण्यात ते चालतं. लिहिताना मात्र 'एम'नंतर 'पी' गाळायचा नाही. नाम 'इग्झेम्प्शन', त्यातही 'पी' आहेच.

विशेषण आणि क्रियापद दोन्हीचा उच्चार एकच. 'प्रेझेंट' किंवा 'रेकॉर्ड'सारखा जोर इकडून तिकडे सरकत नाही. भूतकाळी रूप 'एक्झेम्प्टेड', शेवटचा 'टी' दुप्पट होत नाही. माणसासाठी 'ॲन एक्झेम्प्ट' असं नाम जुन्या लिखाणात सापडतं, आज ते वापरू नये. ब्रिटनच्या 'योमेन ऑफ द गार्ड' या राजरक्षक पथकात 'एक्झॉन' नावाचा हुद्दा अजून आहे, तो याच शब्दाच्या फ्रेंच उच्चारातून आलेला आहे.

'इज एक्झेम्प्ट' की 'इज एक्झेम्प्टेड'? दोन्ही बरोबर आहेत, पण एकच नाहीत. पहिलं स्थिती सांगतं, दुसरं कृती. नियमातच सूट लिहिलेली असेल तर 'चिल्ड्रन अंडर फाइव्ह आर एक्झेम्प्ट'. कोणी तरी निर्णय घेऊन सूट दिली असेल तर 'शी वॉज एक्झेम्प्टेड बाय द कमिटी'. कमिटीचा, न्यायालयाचा किंवा आदेशाचा उल्लेख येणार असेल तर 'एक्झेम्प्टेड' घ्या, नाही तर साधं 'एक्झेम्प्ट' पुरतं. भारतात आणि आसपास लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत 'एक्झेम्प्टेड' सरसकट वापरतात. ते समजतं, पण कायम स्वरूपाच्या सूटीला ते जड वाटतं.

'फ्रॉम'नंतर नाम येतं किंवा 'इंग'वालं रूप. 'एक्झेम्प्ट फ्रॉम द टेस्ट', 'एक्झेम्प्ट फ्रॉम पेइंग'. 'एक्झेम्प्ट टू पे' कधीच नाही. 'फ्रॉम टू पे' तर मुळीच नाही. 'ऑफ' आणि 'फॉर'ही चालत नाहीत. एक अपवाद वाटणारी जागा आहे: 'ही इज एक्झेम्प्ट फॉर टू इयर्स'. इथला 'फॉर' कालावधीचा आहे, सूटीचा नाही, म्हणून वाक्य ठीक आहे. संदर्भ आधीच स्पष्ट असेल तर 'फ्रॉम' आणि पुढचं सगळं गाळता येतं. फीबद्दल चाललेल्या बोलण्यात 'आर यू एक्झेम्प्ट?' एवढं विचारणं पुरे.

सूट कमी-जास्त सांगायला 'व्हेरी' किंवा 'मोअर' लावत नाहीत. 'फुली', 'पार्शली', 'ऑटोमॅटिकली', 'टेम्पररिली' लावतात. नामाआधी विशेषण म्हणून तो बसतो, पण तो सूर कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेचा आहे: 'एक्झेम्प्ट इन्कम', 'एक्झेम्प्ट गुड्स'. ओझं आधी जोडून 'टॅक्स-एक्झेम्प्ट' असा जोडशब्दही होतो. सूट नसलेल्याला 'नॉन-एक्झेम्प्ट' म्हणतात.

'एक्झेम्प्शन'बरोबर ठरावीक क्रियापदं येतात. देणारा सूट 'ग्रँट' करतो. घेणारा तिच्यासाठी 'अप्लाय फॉर' करतो, पात्र असेल तर 'क्वालिफाय फॉर' करतो, पत्रकात ती 'क्लेम' करतो. 'टेक एक्झेम्प्शन' आणि 'गिव्ह एक्झेम्प्शन' हे मराठीतल्या 'सूट घेणे, सूट देणे' यांचे थेट अवतार आहेत. बोलण्यात खपतात, अर्जात लिहू नयेत.

एकाच करारात सगळी रूपं

कसलेल्या हातांनी हे शब्द कसे वेगळे ठेवले आहेत ते बघायला १९६१ चा राजनैतिक संबंधांबाबतचा व्हिएन्ना करार उत्तम आहे. दुसऱ्या देशात नेमलेल्या राजनैतिक अधिकाऱ्याला कोणकोणती मोकळीक मिळते, ते त्यात कलमागून कलम सांगितलं आहे, आणि प्रत्येक मोकळिकीला तिचा स्वतःचा शब्द आहे.

कलम ३१ फौजदारी खटल्याबद्दल आहे. तिथे 'एक्झेम्प्ट' नाही, 'शॅल एन्जॉय इम्युनिटी फ्रॉम' आहे. कलम ३२ म्हणतं की ही इम्युनिटी अधिकाऱ्याला पाठवणारा देश 'वेव्ह' करू शकतो. कर्म पाहा: वेव्ह होते ती इम्युनिटी, अधिकारी नव्हे. कलम ३४ कराचं आहे: 'अ डिप्लोमॅटिक एजंट शॅल बी एक्झेम्प्ट फ्रॉम ऑल ड्यूज अँड टॅक्सेस'. हे विशेषण. कलम ३५ मध्ये यजमान देशाने अधिकाऱ्यांना वैयक्तिक आणि सार्वजनिक सेवांमधून सोडायचं आहे: 'द रिसीव्हिंग स्टेट शॅल एक्झेम्प्ट डिप्लोमॅटिक एजंट्स फ्रॉम'. हे क्रियापद, सूट देणारा कर्ता आणि सूट मिळणारा कर्म. कलम ३६ सीमाशुल्काचं, तिथे 'ग्रँट एक्झेम्प्शन फ्रॉम', म्हणजे नाम. त्याच कलमात पुढे अधिकाऱ्याचं सामान 'शॅल बी एक्झेम्प्ट फ्रॉम इन्स्पेक्शन', म्हणजे वस्तूही कर्ता झाली. तपासणी सामानाची व्हायची असते, म्हणून सूट सामानाला.

कलम ३४ मध्ये आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. सगळ्या करांतून 'एक्झेम्प्ट' असं म्हटल्यावर त्याच वाक्यात 'एक्सेप्ट' येतो आणि कुठले कर तरीही भरावे लागतील त्याची यादी सुरू होते. दिसायला जवळचे आणि कामाने उलटे असे हे दोन शब्द. 'एक्झेम्प्ट' नियमातून बाहेर काढतो, इथला 'एक्सेप्ट' सूटीतून बाहेर काढून पुन्हा नियमाच्या हवाली करतो. घाईत एकाच्या जागी दुसरा टंकला गेला तर स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. 'ॲक्सेप्ट' आणि 'एक्सपेक्ट' धरले तर असे चार भाऊ होतात, म्हणून कायदेशीर मजकुरात हा शब्द एकदा बोट ठेवून वाचावा.

शेजारचे शब्द

'एक्सक्यूझ' हा सर्वांत जवळचा, आणि सर्वांत जास्त गोंधळ त्याच्याशीच होतो. फरक काळाचा आणि वजनाचा आहे. 'एक्झेम्प्ट' पुढचं बघतो: नियम यापुढे तुला लागू नाही. 'एक्सक्यूझ' मागचंही बघू शकतो: झालं ते माफ. म्हणून होऊन गेलेल्या गैरहजेरीला 'एक्झेम्प्ट' चालत नाही, 'प्लीज एक्सक्यूझ माय ॲब्सेन्स' हवं. झालेला उशीर अधिकृतपणे माफ करून घ्यायचा असेल तर कार्यालयीन शब्द 'कंडोन' आहे.

पुढच्या गोष्टीसाठीही 'एक्सक्यूझ' वापरतात, पण ती एका वेळेपुरती आणि समोरच्याच्या मर्जीवरची सूट असते. आज ताप आहे म्हणून खेळाच्या तासातून 'एक्सक्यूझ्ड'. कायमच्या आजारामुळे वर्षभर खेळच नाही, त्याची कागदावर नोंद आहे, तर 'एक्झेम्प्ट'. मागे नियम असेल तर दुसरा शब्द, समजूतदारपणा असेल तर पहिला. उच्चारात एक खोच आहे: क्रियापद 'इक्सक्यूझ', शेवटी 'झ', नाम 'इक्सक्यूस', शेवटी 'स'. नामाचा अर्थ बहुतेकदा 'सबब' असा होतो आणि त्याला थोडा वास लागलेला असतो. 'आय हॅव ॲन एक्सक्यूस' म्हणणारा माणूस स्वतःवरच संशय ओढवून घेतो.

'इम्यून'चं वेगळं आहे. सूट मिळालेल्याला नियम लागू नसतो. इम्युनिटी मिळालेल्याला नियम लागू असू शकतो, पण कारवाई त्याच्यापर्यंत पोचत नाही. खटल्यासाठी 'इम्यून फ्रॉम', रोगासाठी 'इम्यून टू'. 'एक्झोनरेट' आणि 'ॲक्विट' आरोपातून सोडवतात, कर्तव्यातून नाही. 'पार्डन' गुन्ह्याची शिक्षा माफ करतो. या तिघांच्या जागी 'एक्झेम्प्ट' लिहू नये.

आणि मराठीतला 'सूट'. दुकानातल्या किमतीतली सूट 'डिस्काउंट', दरातली सवलत 'कन्सेशन', वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट 'रिलॅक्सेशन'. यांतलं काहीही 'एक्झेम्प्शन' नाही. वयाची अट सैल झाली तरी अट राहतेच. अट पूर्णपणे उठली तर ते 'एक्झेम्प्शन फ्रॉम द एज लिमिट'. इंग्रजीतून मराठीत आणतानाही हेच भान ठेवावं. 'एक्झेम्प्ट फ्रॉम टॅक्स'ला 'करात सूट' म्हटलं तर कर कमी झाला असं वाटतं. 'करमुक्त' किंवा 'करातून सूट' म्हणा. 'त'च्या जागी 'तून' आल्यानं अर्थ पालटतो.

कर आणि नोकरी: शब्द तोच, खाचखळगे वेगळे

कराच्या कागदांत तीन शब्द शेजारीशेजारी येतात. 'एक्झेम्प्शन'मुळे उत्पन्नाचा काही भाग कराच्या गणितातच धरला जात नाही. 'डिडक्शन' आधी धरलेल्या उत्पन्नातून वजा होतं. 'रिबेट' तयार झालेल्या करातून वजा होतो. हातात उरणारी रक्कम कधी सारखी येईल, पण रकाने वेगळे आहेत, आणि एकाचा आकडा दुसऱ्यात भरला तर पत्रक चुकतं.

विक्रीवरच्या मूल्यवर्धित करात 'एक्झेम्प्ट' आणि 'झिरो-रेटेड' यांच्यातला फरक व्यापाऱ्याला चांगलाच जाणवतो. दोन्हींत ग्राहक शून्य कर भरतो. पण झिरो-रेटेड वस्तूवर कर आहे, फक्त त्याचा दर शून्य आहे, म्हणून विकणाऱ्याला खरेदीवर भरलेला कर परत मिळवता येतो. एक्झेम्प्ट वस्तू त्या साखळीच्याच बाहेर असते, म्हणून तिच्यासाठीच्या खरेदीवरचा कर सर्वसाधारणपणे त्याच्याच गळ्यात राहतो. 'एक्झेम्प्ट' ऐकून खूश होण्याआधी हे बघावं.

नोकरीत तर हा शब्द चक्क उलटा वाटतो. अमेरिकेत 'एक्झेम्प्ट एम्प्लॉयी' म्हणतात तेव्हा १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमधल्या जादा कामाच्या वेतनाच्या नियमातून तो बाहेर आहे, असा अर्थ असतो. नियम असा की आठवड्याला ४० तासांच्या वर काम केलं तर त्या तासांना किमान दीडपट वेतन द्यायचं. एक्झेम्प्ट कर्मचाऱ्याला ते द्यायला कायद्याने मालक बांधील नाही. म्हणजे 'एक्झेम्प्ट' हा शिक्का कर्मचाऱ्यावर आणि सुटका मालकाची! तिसरा प्रश्न, ओझं नकोसं आहे का, इथे मोडल्यासारखा वाटतो, पण ते ओझं मालकाच्या बाजूने बघितलं की हिशेब जुळतो. अशा देशातला नोकरीचा करार वाचताना 'एक्झेम्प्ट' दिसलं की कशातून आणि कोणाची सुटका, हे आधी शोधा.

अर्ज लिहिताना

सूट मागणाऱ्या अर्जात चार गोष्टी एकाच वाक्यात आल्या तर वाचणाऱ्याचं काम सोपं होतं: कोण, कशातून, कोणत्या नियमाखाली किंवा कारणाने, आणि कधीपर्यंत. 'आय रिक्वेस्ट टू बी एक्झेम्प्टेड फ्रॉम द प्रॅक्टिकल एग्झॅमिनेशन, अंडर रूल सेव्हन, ऑन मेडिकल ग्राउंड्स, फॉर धिस टर्म.' नियमाचा क्रमांक माहीत असेल तर तो जरूर घाला. सूट ही मेहेरबानी नसून तरतूद आहे, हे त्याने आपोआप सांगितलं जातं. कारणासाठी 'ऑन ग्राउंड्स ऑफ' किंवा 'ऑन मेडिकल ग्राउंड्स' लिहा, 'ड्यू टू माय प्रॉब्लेम' नको.

'काइंडली एक्झेम्प्ट मी' हे व्याकरणात बसतं, पण हुकमी वाटतं. 'आय रिक्वेस्ट एक्झेम्प्शन फ्रॉम' हा सगळ्यांत सुरक्षित साचा. सूट मागणारा कोणा दुसऱ्यासाठी लिहीत असेल तर 'आय रिक्वेस्ट दॅट माय सन बी एक्झेम्प्टेड फ्रॉम', आणि इथे 'बी'च राहतो, 'इज' होत नाही. पुरावा जोडलेला असेल तर पुढच्या वाक्यात त्याचं नाव आणि तारीख द्यावी. अर्ज पाठवण्यापूर्वी 'एक्झेम्प्ट'च्या आधी माणूस आणि 'फ्रॉम'च्या पुढे ओझं आहे ना, एवढं बघावं. फी किंवा दंड कर्त्याच्या जागी जाऊन बसला असेल, तर क्रियापद 'वेव्ह' करावं.